गाडीक दमो

आमच्या घरी यायचं तर नांदगावच्या तिठ्यावरून आत वळावं लागतं आणि शेवटी एक चढ लागतो. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मधे अरुंद रस्ता. रिक्षावाले पायथ्याशीच "हयसर उतरा" म्हणून मोकळे होतात. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आमच्या गाडीनेही तसंच ठरवलेलं दिसलं. बंद नाही पडली. दुसऱ्या गियरवर कण्हत, पहिल्यावर रडत, एका सायकलवाल्याला पुढे जाऊ देत ती वर आली. आई स्टिअरिंगवर ओणवी होऊन तिला नुसत्या नजरेने ढकलत होती.

"गाडीक दमो झालो," उतरल्या उतरल्या आई म्हणाली.

"गाडीक दमो होणा नाय," बाबा पडवीतून म्हणाले. "क्लच जाता. सगळ्या वाटेर अर्धो क्लच दाबून चलवल्यावर जातलोच."

कोण चलवतं हे सांगायची गरज नव्हती. आई पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकली. देवबागला मावशीच्या पर्यटकांसाठीच्या खोल्या आहेत. दर बुधवारी आई काजूगर, सोलं आणि कुळथाचं पीठ गाडीत घालून एकटी तिकडे जाते आणि संध्याकाळी मासे घेऊन परत येते. मासे तिठ्यावरही मिळतात. एकटीने जाणं मिळत नाही.

"आयतवारी कणकवलीचा गिऱ्हाईक येतला," बाबा म्हणाले. "इकून टाकूया. तू आपली एसटीन जा."

आईने चावी खुंटीला अडकवली आणि आत गेली. त्या चावीच्या खुळखुळण्याने मी पेटले.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा कचेरीत नोकरीला, आणि संध्याकाळी कर्मचाऱ्यांच्या संघटनेची पत्रकं लिहीत बसायचे. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या 'बंधू-भगिनींनो'वरून. त्यांचा एकच नियम होता: पुराव्याशिवाय आरोप छापायचा नाही. घरातल्या आरोपांना हा नियम लागू नसतो, असं दिसत होतं.

"पुरावा?" मी विचारलं.

"चढ आसा ना पुरावो! जावन बघ."

मी गाडी घरासमोरच्या खळ्यात सपाट जागी घेतली. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी हलत नाही. आमचं इंजिन तर ओरडतही नव्हतं, पाय दाबला तरी कुजबुजत होतं. तरी रीतसर चाचणी घेतली. हँडब्रेक ओढला, तिसरा गियर टाकला आणि क्लच सोडला. क्लच झिजला असता तर इंजिन निर्लज्जासारखं चालू राहिलं असतं. आमची गाडी एक गचका देऊन जागीच गप्प झाली.

"क्लच निर्दोष!" मी ओरडले.

दारात काजू निवडत बसलेल्या आईने मान वर केली. "मगे? माका जामीन गावलो काय?"

"जामीन. सुटका नाय," बाबा म्हणाले. "रोग खंय आसा, ता सांग आधी."

रोग मला ठाऊक होता. पेट्रोलमध्ये भेसळ! रात्रीच्या जेवणाआधी माझा मसुदा तयार झाला: 'पेट्रोलचोरांनो, जनता जागी आहे!' बाबांनी चष्मा लावून तो वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि कागद परत दिला.

"माझी स्कूटर खंयचा पेट्रोल पिता?"

"त्याच पंपावरचं."

"ती कशी उडता मगे?"

मी कागद फाडला. बाबा इतके खूश झाले की त्यांनी दोनदा भात घेतला.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं बॉनेट उघडून उभे होतो. आई मागून आली. "मी काय म्हटलय पयलाच? दमो. नाक बघा तेचा."

ती थट्टाच करत होती. पण पेट्रोल ठीक, क्लच ठीक. उरली होती ती हवाच. इंजिनाचं नाक म्हणजे एअर फिल्टरचा काळा डबा. मी क्लिपा काढल्या, झाकण उचललं, आणि आत एक सुंदर बिऱ्हाड निघालं. नारळाचा काथ्या, अर्धवट कुरतडलेल्या काजूबिया, आणि त्यावर कागदाच्या कपट्यांची जाड गादी. फिल्टर त्याखाली गुदमरला होता. मालक उंदीर घरी नव्हता.

एक कपटा बऱ्यापैकी शाबूत होता. बाबांनी तो चिमटीत धरून मोठ्याने वाचला:

"'गावाचा श्वास कोंडणाऱ्यांनो…'"

ते माझं पत्रक होतं. चिरेखाणीच्या ट्रकांच्या धुळीविरुद्ध मी काढलेलं. उरलेला गठ्ठा मी मांगराच्या छपराखाली ठेवला होता, आणि पावसात गाडीही तिथेच उभी असायची.

बाबा गडग्याला धरून हसले. "चेडवा, तुझी पत्रका कामाक इली गो एकदाची! वाचणारो गावलो!"

"त्येना वाचल्यान असता तर असा केल्यान नसता," मी म्हटलं. अजूनही माझं तेच मत आहे. पत्रकातला एक शब्दही मागे घेण्यासारखा नव्हता.

आई मात्र हसली नाही. तिने बाबांकडे पाहिलं. "क्लच कोणी जाळल्यान म्हणालात?"

बाबा स्कूटरवरून कणकवलीला गेले आणि नवा फिल्टर घेऊन आले. शिवाय तारेची जाळीही आणली आणि हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडावर स्वतः बसवली. हात काळे करून घेतले, पण शब्दाने काही कबूल केलं नाही.

रविवारी सकाळी आईने चावी खुंटीवरून काढली. मी शेजारी बसले आणि आम्ही चढ उतरून खाली गेलो. बाबा चढाच्या पायथ्याशी कान देऊन उभे. आईने दुसरा गियर टाकला आणि पाय दाबला. गाडी एका श्वासात वर गेली, इतकी की गडग्यावरचं मांजर दचकून उडालं.

वर पोचून आईने गाडी थांबवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. खालून बाबा चालत येत होते. अर्ध्यावर थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून.

"गिऱ्हाइकाक 'येव नको' म्हणान फोन केलात?" आईने ओरडून विचारलं.

"करतंय… करतंय… जरा दम घेव दी."

आई माझ्याकडे वळली. "जा गो, तुझ्या बापाशीचो डबो उघडून बघ. उंदीर शिरलो हा."