मांडी माझी, रक्तही माझंच

मैत्रिणींनो, आज धुळ्याला जाऊन मांडीत इंजेक्शन घेऊन आले. औषध काय, तर माझंच रक्त! डॉक्टरांनी ते यंत्रात फिरवलं आणि त्यातला पिवळसर भाग कबड्डी खेळताना फाटलेल्या स्नायूत टोचला. म्हणाले, "यातले वाढीचे घटक स्नायू भरून यायला मदत करू शकतात. हमी देत नाही. पण चोळायचं मात्र अजिबात नाही."

शिंदखेड्याला घरी पोचते तर ओट्यावर नस बसवणारे नाना हजर! आत सासूबाईंनी कढईत तेल तापत ठेवलेलं. मागच्या वेळी याच नानांनी चोळून चोळून मांडी काळीनिळी केली होती.

"नाना, आज हात लावायचा नाही."

नाना भडकले. "दोन पोरेस्नी माय तू! खेळनं सोडी दे, पाय आपोआप बरा व्हई."

"खेळायचंय म्हणूनच तर बरा करतेय!"

सासूबाईंकडे वळून मी म्हटलं, "आक्का, तेल वाया नका घालवू, भजी तळा." त्यांनी तळली. नानांनीही मागून खाल्ली.

माझ्या दिराचा पाय दुखावला तेव्हा हेच नाना म्हणाले होते, "लवकर मैदानवर ये." मला मात्र "सोडी दे".

तुम्हाला काय सांगतात गं?