मास्तरीण आणि शक्तीची पावडर

आमच्या हिला कारखान्यात सगळे मास्तरीण म्हणतात. शाळेत तिने कधी कुणाला शिकवलेलं नाही. सूत रंगवायच्या कारखान्यात रंग जुळवणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि त्या खुर्चीवर बसलेली ही पहिली बाई, म्हणून मास्तरीण. गिऱ्हाईक कापडाचा बोटभर तुकडा पाठवतं, म्हणतं अगदी असाच रंग हवा. ही तो तुकडा खिडकीशी नेते, मान जराशी तिरकी करते आणि सांगते, पिवळा एवढा, निळा तेवढा, काळा दाखवायपुरता. मग रंगाच्या कुंडातून सुताची एक लडी काढून इस्त्रीने वाळवायची, कारण ओलं सूत गडद दिसून फसवतं, आणि पुन्हा खिडकीशी धरायची. बावीस वर्षं हेच. त्या खिडकीवर तिचा किती जीव, ते मला विचारा. घराच्या खिडकीचे पडदे दोन वर्षं धुतले नव्हते, ती गोष्ट वेगळी.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. गावभरचे काटे माझ्या हाताने बरोबर होतात, पण स्वतःचं बोलणं काही मला कधी तोलता आलं नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे.

हिला थायरॉईड निघालं त्याला नऊ वर्षं झाली. ग्रंथी मंदावली आहे म्हणाले, रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी, वर अर्धा तास काही नाही. घेतली. सात वर्षं सगळं ठीक होतं. मग काय झालं देव जाणे, बाईच्या अंगातलं बळच गेलं. आमचा जिना दोन मजल्यांचा. ही मधल्या वळणावर पिशवी मांडीवर घेऊन बसायची. घरी आली की चपला पायात तशाच ठेवून खुर्चीत. मी म्हणायचो, "अगं, निदान चपला तरी काढ." ती म्हणायची, "काढते हो," आणि डोळे मिटायची.

डॉक्टरकडे नेलं. रक्त काढलं. रिपोर्ट नॉर्मल. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त, पुन्हा नॉर्मल. डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाले, "वय झालं आता. चाला थोडं, वजन कमी करा." अहो, जी बाई जिन्यात बसते ती चालणार कुठे? कागद नॉर्मल होता, त्याला काय, तो टेबलावर आडवा पडून होता! मी तिथेच आवाज चढवला. हिने माझी बाही ओढली. बाहेर येऊन मी तिच्यावरच चढलो, की तू नीट सांगत का नाहीस, मूग गिळून का बसतेस.

तिला धास्ती एकाच गोष्टीची होती. मास्तरीणपण जाईल. एका दुपारी डोळे जड झाले, दोन लड्या तिला सारख्याच दिसल्या आणि राखाडीचं अख्खं कुंड हिरवट निघालं. मालक ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "बाई, झेपत नसेल तर आत बसून गठ्ठे बांधा. पगार तोच." त्या दिवशी ती घरी येऊन रडली. मी तिला रडताना फार थोड्या वेळा पाहिलंय. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, तसा आला. म्हटलं, "सगळ्या जगाला थायरॉईड आहे. बाकीच्या बाया नाही का उभ्या राहत?"

अशात ही पावडर आली. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक बाई सकाळी व्यायामाचा वर्ग घेतात. मी त्यांना पावडरवाली म्हणतो, तोंडावर नाही. त्यांनी हिला जिन्यात बसलेलं पाहिलं आणि झालं. "ताई, थायरॉईडला उगाच दोष देताय. तो नुसता नोकर. मालक वेगळाच. किडनीवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, अ‍ॅड्रीनल. काळजी करकरून त्या थकतात. त्यांना ताकद द्या, थायरॉईड आपोआप ताळ्यावर येईल." डबा दिला. सकाळी दोन चमचे, दुपारी एक.

मी डबा उलटासुलटा करून पाहिला. एक हिरवं पान काढलेलं आणि खाली 'संपूर्ण नैसर्गिक'. कुणी बनवली, आत काय, काही पत्ता नाही. म्हटलं, "काट्यावर सरकारी शिक्का नसेल तर आम्ही दुकानदाराला हात लावू देत नाही, आणि तू हे पोटात घालतेस?" ती म्हणाली, "डॉक्टरांकडे दोन वर्षं गेले. आता हे बघू."

आणि काय सांगू! आठवड्यात बाई उठली. जिना एका दमात चढली. पडदे धुतले. कारखान्यात एका दिवशी सात रंग जुळवले, सातही बरोबर. संध्याकाळी मला म्हणाली, "चला, फिरून येऊ." मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिलो. दुसरा डबा संपायच्या आत तिसरा आणायला तळमजल्यावर कोण गेलं? मी गेलो. हो, मीच. शिक्काबिक्का सगळं विसरलो. घरात हसणं ऐकू आलं की माणसाची अक्कल कुठे जाते कळत नाही.

पाच महिने असे गेले. मग हिचा चेहरा गोल व्हायला लागला. मी म्हटलं, अंगाला लागलं, छान. तिचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा, तिच्याच कारखान्यात कुंडांवर असतो. तो मात्र म्हणाला, "ताई, गाल तेवढे फुगलेत गं तुझे, हात-पाय तर काड्या झालेत." टेबलाचा कोपरा नुसता लागला तरी काळंनिळं व्हायचं. रक्तदाब वाढला, साखर वाढली. शेवटी मेव्हण्यानेच हॉर्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला.

या बाई वेगळ्या निघाल्या. कागदाआधी त्यांनी हिचा चेहरा पाहिला, दंडावरचे डाग पाहिले. विचारलं, "काय काय घेता? सगळं सांगा. पावडर, चूर्ण, काढा, शेजारणीने दिलेलं, सगळं." हिने डबा काढून ठेवला. त्यांनी थोडी पावडर तपासायला ठेवून घेतली आणि म्हणाल्या, "यात कुणीतरी स्टेरॉईड मिसळलंय अशी मला शंका आहे. ते तुमच्या अ‍ॅड्रीनलचंच काम करतं, म्हणून तरतरी आली. पण बाहेरून आयतं मिळालं की त्या ग्रंथी झोपून जातात. रक्ताचा आणि पावडरचा रिपोर्ट चार दिवसांत येईल. मग मी मोजून गोळी देईन आणि हळूहळू उतरवू. तोवर स्वतःच्या मनाने बंद करू नका. एकदम तर मुळीच नाही."

नीट ऐकलंत ना तुम्ही? आम्हीही ऐकलं. दोघांनी, चार कानांनी. आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं.

त्याचं असं आहे, रंगाच्या कारखान्यात एक नियम आहे. कुंडात रंग चुकला असं कळलं, की आधी सगळे नळ बंद, कुंड रिकामं, चौकशी मागाहून. चुकलेल्या रंगात आणखी रंग घालत बसणाऱ्याला तिथे गाढव म्हणतात. हिने बावीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. घरी आल्या आल्या ती डबा घेऊन मोरीत गेली. म्हणाली, "चुकीचं आहे हे कळल्यावर चार दिवस आणखी ओतू पोटात? डॉक्टरीणबाईंनी कधी कुंड पाहिलेलं दिसत नाही." आणि नळ सोडून दिला. नवरा म्हणून मी काय करायचं होतं? अडवायचं होतं. मी म्हटलं, "शाब्बास! विष चालू ठेवा म्हणे, असे कसले हे डॉक्टर!" अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, आमच्या घरी असे दोन होते.

दुसऱ्या दिवशी तिला जेवण नको झालं. तिसऱ्या दिवशी अंग ठणकायला लागलं. मी म्हटलं, विष बाहेर पडतंय, पडू दे. चौथ्या दिवशी सकाळी उलटी झाली, तरी ती कामावर गेली, कारण खिडकी. अकराला मेव्हण्याचा फोन, "भावोजी, लवकर या. ताई उभी राहिली की पडतेय."

कारखान्यात पोहोचलो तर ही फरशीवर बसलेली, ओठ पांढरे, हातात लडी. मला म्हणाली, "हा निळा बघा हो जरा, मला दिसत नाहीये." मी आयुष्यात एवढा कधी घाबरलो नाही. दोघांनी उचलून गाडीत घातली.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. रक्तदाब बघून त्याचा चेहरा पडला. "काय औषधं चालू आहेत?" मी म्हटलं, "थायरॉईडची गोळी." "आणखी?" म्हटलं, "काही नाही." पावडर बंद केली होती, म्हणजे चालू नव्हती, बरोबर ना? असं मी मनाला सांगितलं. खरं सांगू? लाज वाटली. तिसऱ्यापासूनचे सगळे डबे स्वतःच्या हाताने आणलेल्या माणसाला ते सांगायची लाज वाटली. त्याने पुन्हा विचारलं. मी त्याच्यावर ओरडलो, "किती वेळा तेच तेच? आधी इलाज करा!" तेव्हा ही डोळे मिटूनच पुटपुटली, "पावडर घेत होते. स्टेरॉईडची. चार दिवस झाले, टाकून दिली."

तो डॉक्टर अक्षरशः धावला. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. तासाभरात तिच्या ओठांवर रंग आला. मग तो मला म्हणाला, "काका, आणखी थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं." ओरडला नाही. या लोकांना ओरडता का येत नाही? ओरडला असता तर मीही ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

मग मोकळं व्हायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावर गेलो. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, शिव्यांसकट. वर्ग नुकताच सुटला होता. मी म्हटलं, "बाई, विष विकता तुम्ही! माझी बायको मरता मरता वाचली!" त्या घाबरून भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, "भाऊ, मला वरून तयार डबे येतात हो. शपथ घेते. मी स्वतः दीड वर्ष घेते आहे." तेव्हा मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तोच गोल चेहरा, दंडावर तेच डाग. त्या रडत म्हणाल्या, "आजच फेकून देते सगळं."

आणि मला, ज्याला त्यांचा गळा धरायचा होता त्याला, हात जोडायची पाळी आली. "नको! फेकू नका, एकदम बंद करू नका बाई. उद्या डॉक्टरांकडे चला, मी नेतो. विकणं मात्र आत्ता, या क्षणी बंद, आणि घेणाऱ्या सगळ्यांना निरोप द्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका म्हणून." आता बोला! राग काढायला गेलो आणि पावडर घेत राहा सांगून आलो. तो राग अजून माझ्या छातीत तसाच बसलाय.

दहा दिवसांनी आम्ही पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे. माझा जाहीर अपमान होणार, या तयारीने मी गेलो होतो. त्या माझ्याकडे वळल्याच नाहीत. हिला समजावून सांगू लागल्या, की पावडरीत स्टेरॉईडच निघालं, आणि ग्रंथी गाढ झोपल्या आहेत. जाग्या व्हायला सहा महिने लागतील, कदाचित वर्ष. तोवर सकाळी ही मोजकी गोळी, न चुकता. खिडकीशी बसायला हरकत नाही, सध्या अर्धा दिवस.

ते ऐकून ही खुलली. कामाची वही काढली, ज्यात ती रंगांची मापं लिहिते, आणि कोरं पान उघडलं.

"आता नीट लिहून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निरोगी माणसाच्या ग्रंथी ताणाच्या वेळी जास्त काम करतात. तुमच्या करणार नाहीत. म्हणून ताप आला तर गोळी दुप्पट. मोठी जखम, हाड मोडणं, ऑपरेशन, लगेच दवाखाना. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन, वाट बघायची नाही."

हिने एकेक ओळ लिहिली. ताप, दुप्पट. जखम, दवाखाना. उलटी, इंजेक्शन. मी शेजारी बसून मान डोलावत होतो.

मग तिने पेन थांबवलं आणि अगदी कामाच्या आवाजात विचारलं, कुंडावरच्या पोराला मापं विचारावीत तसं, "आणि घरात आरडाओरडा झाला तर? तो ताण धरायचा का? तेव्हा किती घेऊ?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझी डोलणारी मान थांबली.

"रोजचा असेल," त्या सावकाश म्हणाल्या, "तर त्याला गोळी वाढवायची नसते."

"बरं," ही म्हणाली, आणि खाली मान घालून तिने तेही लिहून घेतलं.