बाज्याची सोयरीक

साक्रीजवळच्या खेड्यातली भिकुबाई लग्नं जुळवण्यात पटाईत. स्थळ आलं की मुलाच्या रंगरूपाआधी ती कूळ विचारायची. दोन्हीकडचं एकच निघालं तर चहासुद्धा होऊ द्यायची नाही. घरी तिच्या शेळ्या. आई मेलेल्या बाज्याला तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं, आणि आता तोच कळपातला एकुलता बोकड.

यंदा करडं काडीसारखी झाली. दोन तर उभीच राहिली नाहीत. गुरांच्या दवाखान्यातली हेमांगी डॉक्टरीण आली.

"अक्का, यांचा बाप कोण?"

"बाज्या."

"आणि यांच्या आयांचा?"

भिकुबाईनं तोंडाला पदर लावला. "तोच शे वं माय."

"मग रक्तातला दोष दोन्हीकडून उतरतो. बाहेरचा बोकड आणा, याला बाहेर द्या."

खाटकाला द्यायचं तिच्या जिवावर आलं. बाजारात पलीकडच्या गावची अकबरी भेटली. तिच्याही शेळ्या, तिचीही तीच अडचण. बोकडांची अदलाबदल ठरली.

"तुना बोकडनी माय दूध कसं देस?" भिकुबाईनं चौकशी केली.

"दोन करडं पिसन बी दूध उरस. आते तुना बाज्यानं खानदान सांग."

सगळं सांगून झाल्यावर भिकुबाईनं दोर पुढे केला, पण हातातून सुटेना. "त्याले भाकर कुस्करीसन लागस."

"जावई शे वं विहीणबाई. उपाशी ठेवसू का?"

मग दोर सुटला.

पुढची करडं जन्मल्या दिवशीच आईमागं धडपडत उभी राहिली. ते सांगायला भिकुबाई बाज्यासाठी भाकरी बांधून विहिणीच्या गावी गेली.