भिंतीवरचा अंगठा
परवा घराच्या रजिस्ट्रीला अंगठा लावला आणि पॅडच्या शाईचा वास थेट डोक्यात गेला. नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीत बाबा दगडाखाली मेले, तेव्हापासून आम्ही मायलेकी खेड्यात काकाच्या घरी पडून होतो. सरकारची विधवा पेन्शन पोस्टमन आईचा अंगठा घेऊन रोख द्यायचा. संध्याकाळी काका आईचा अंगठा बघायचा. निळा दिसला की पैसे हिसकून दारूच्या भट्टीवर. त्या दिवशी पोस्टमन आला तेव्हा आई भिंतीला छुहीची पांढरी माती लावत होती. तो गेल्यावर तिनं चिंचेनं, राखेनं अंगठा घासून साफ केला. पण त्याआधी सवयीनं तो ओल्या भिंतीला पुसला होता, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. काकानं निळा डाग पाहिला. "तुले फुकट खाऊ घालून राहिलो का मी?" म्हणत त्यानं केस धरून आईचं कपाळ त्या डागावर आपटलं, पुन्हा आपटलं. पांढरी माती लाल झाली. त्याचा हात तिच्या कमरेला बांधलेल्या पैशांच्या गाठीकडे गेला, तसा आईनं कोपऱ्यातला विळा उचलून त्याच्या मनगटावर घातला. "आता लावून पाह्य हात," ती म्हणाली. तो रक्त दाबत पळाला. दुसऱ्या दिवशी आमची चूल वेगळी झाली आणि त्या पैशांचा भात पहिल्यांदा आमच्या पोटात गेला. पुढं दर महिन्याला आई अंगठा मुद्दाम भिंतीला पुसायची आणि दिवाळीला छुही लावताना तेवढे डाग सोडायची. परवा रजिस्ट्री कचेरीतल्या बाबूनं अंगठा पुसायला चिंधी पुढं केली. मी घेतली नाही. तशीच घरी आले आणि माझ्या नव्या भिंतीला अंगठा पुसला.