वहिनी थांबायला शिकल्या

दादाचा फोन आला तेव्हा मी कल्याणच्या घरी सकाळचे वर्तमानपत्र उघडत होतो. ‘‘सुलभा गेली रे,’’ एवढेच तो म्हणाला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रक्तवाहिनीत जन्मापासूनच दोष होता, तिच्या व्यायामाशी याचा संबंध नाही, असे डॉक्टरांनी डोंबिवलीच्या त्या रुग्णालयात स्पष्ट सांगितले. या गोष्टीला आता दीड महिना होईल.

सुलभावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. बँकेच्या काउंटरवर त्यांची सगळी नोकरी झाली. आमच्या घरात त्यांचे एकच कौतुक वर्षानुवर्षे होत आले : सुलभाला काही सांगावे लागत नाही. पाहुण्याने पाण्याचा विचार करावा, तोवर पेला समोर. आईचे औषध, दादाचा डबा, माझ्या लग्नातली देणीघेणी, सगळे सांगण्याआधी झालेले असे. हा गुण त्यांना कुठे नडेल, असे कुणाच्या मनातही आले नव्हते.

निवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होत असल्याचे निदान झाले. कुणीतरी वजने उचलायचा सल्ला दिला आणि त्या घराजवळच्या जिममध्ये जाऊ लागल्या. तिथला प्रशिक्षक आग्नेल माजिवड्याहून येणारा, त्यांच्या मुलाच्या वयाचा. त्याने पहिले कित्येक आठवडे त्यांच्या हाती नुसता रिकामा रॉड दिला. मग पाठ धरली, महिना गेला. पुन्हा रिकाम्या रॉडपासून सुरुवात. मग मनगट. वहिनी प्रत्येक वेळी परत जात. ‘‘अहो, बँकेत सिस्टिम डाउन झाली की आम्ही काय घरी जायचो का?’’ एवढेच त्यांचे उत्तर. दादाला हे पटले नव्हते. स्पर्धेत अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालावा लागतो हे कळल्यावर तो म्हणाला, ‘‘तू काय करायचं ते कर. मला तिथे बोलावू नकोस.’’ म्हणून कल्याणच्या पहिल्या स्पर्धेला त्यांच्यासोबत मी गेलो.

पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट असे तीन प्रकार, प्रत्येकाला तीन संधी. एका प्रकारात तिन्ही संधी फुकट गेल्या, तर खेळाडू बाद, निकालात नावापुढे आकडाच नाही. बेंच प्रेसमध्ये बाकावर आडवे पडून रॉड छातीपर्यंत आणायचा, स्थिर धरायचा आणि पंचांनी ‘प्रेस’ म्हटल्यावरच वर ढकलायचा. पुन्हा ‘रॅक’ हा शब्द आल्यावरच जागेवर ठेवायचा. वहिनींचे स्क्वॉट उत्तम झाले. बेंचच्या पहिल्या संधीत त्यांनी रॉड छातीला लावला आणि शब्द येण्याआधीच वर नेला. पंचांनी संधी बाद ठरवली. लाल दिवे. दुसऱ्या संधीत ‘प्रेस’साठी थांबल्या, पण ‘रॅक’च्या आधी रॉड ठेवून मोकळ्या झाल्या. लाल दिवे. तिसऱ्यांदा पुन्हा पहिलीच चूक. वजन त्यांना मुळीच जड नव्हते, सभागृहातल्या प्रत्येकाला ते दिसत होते. ते पेलले नसते तर निदान बघवले असते. मी खुर्चीखाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, ‘‘भाऊजी, पंच किती वेळ लावतात हो!’’

वहिनींच्या सोसायटीच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता. पदक येणारच, या खात्रीने सेक्रेटरी पाटणकरांनी तो आदल्या दिवशीच छापून घेतला होता. ‘आपल्या सोसायटीची शान सौ. सुलभाताई यांचे घवघवीत यशाबद्दल हार्दिक अभिनंदन.’ व्यायामाचा फोटो शोभणार नाही म्हणून हळदीकुंकवातला पैठणीतला फोटो टाकला होता. खाली शुभेच्छुकांची रांग. पाटणकर हार घेऊन उभे होते. काय झाले ते मी त्यांना बाजूला घेऊन सांगितले.

‘‘मग राहू दे की दोन दिवस,’’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘लोकांना काय कळतंय?’’

वहिनींनी ते ऐकले. ‘‘काढा, पाटणकर. हवा तर गुंडाळून ठेवा. पुढच्या वेळी छपाई वाचेल.’’

पाटणकर हसले. वहिनीही हसल्या. त्यानंतर आठवडाभर त्या मागच्या फाटकाने ये-जा करत होत्या आणि नेहमीच्या भाजीवाल्याकडे गेल्या नाहीत, हे मला दादाकडून कळले. जिम मात्र एक दिवसही चुकवली नाही.

आग्नेलने त्यांचे वजन वाढवणे थांबवले. ‘‘ताकद आहे आंटी, घाई पण आहे. आधी घाई काढू,’’ तो म्हणाला. काही केल्या जमेना. त्याने ओठ हलवले की वहिनींचे हात वर. तो वैतागून म्हणाला, ‘‘मी शिंकलो तरी तुम्ही ढकलाल!’’ हे सांगताना त्या मनापासून हसल्या होत्या. पण ठाण्याच्या स्पर्धेत नाव द्यायच्या वेळी मला म्हणाल्या, ‘‘मला जिंकायचं नाही, भाऊजी. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे आकडा हवा. तेवढाच.’’

ठाण्यालाही दादा आला नाही. त्या बाकावर आडव्या झाल्या, रॉड छातीला टेकला आणि स्थिर झाला. पंचांनी वेळ घेतला. मला वाटले, आता जाणार. रॉड हलला नाही. ‘प्रेस.’ मग वर. ‘रॅक.’ मग जागेवर. पांढरे दिवे. तिन्ही वेळा तसेच. आग्नेल त्यांच्याकडे बघतच राहिला. ‘‘आंटी, घरी काय केलंत?’’ त्यांनी मान हलवली, सांगितले नाही. डेडलिफ्ट झाली, नावापुढे आकडा आला, कांस्यपदकही मिळाले. ‘‘गटात तिघीच होतो,’’ त्या माझ्या कानात म्हणाल्या. ‘‘पाटणकरांना सांगू नका.’’

त्या गेल्यावर भेटायला येणारे एकच प्रश्न विचारत. दादाच्या जुन्या ऑफिसातले एक गृहस्थ म्हणाले, ‘‘वजनं उचलायच्या असं ऐकलं. त्याने तर नाही ना...’’

‘‘छे हो,’’ दादा म्हणाला. ‘‘योगा करायची. थोडाफार.’’

आग्नेल समोरच बसला होता. त्याने मान खाली घातली. दादाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

पाण्याचा ट्रे ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्या गृहस्थांनी भिंतीलगतचा टीपॉय मध्ये ओढायला घेतला.

‘‘राहू द्या तिथेच,’’ दादा एकदम म्हणाला. मग आग्नेलकडे वळला. ‘‘योगा नाही. इथे, या जागेत ती आडवी पडायची. पोछ्याची दांडी छातीवर धरून. रोज संध्याकाळी. ‘प्रेस’ मी म्हणायचो. मीच तिला सांगितलं होतं, कुणाला सांगू नकोस म्हणून.’’

त्या गृहस्थांनी टीपॉयवरचा हात काढला. दादा सांगतच राहिला.

‘‘एकदा मला फोन आला. बोलत बोलत गॅलरीत गेलो आणि विसरलोच. आत आलो तर ही तशीच पडलेली, दांडी छातीवर. म्हटलं, अगं, उठायचं ना! तर म्हणाली, अहो, तुम्ही सांगितलंत कुठे?’’

टीपॉय अजून भिंतीलाच आहे. दादा चहाचा कप जमिनीवर ठेवतो.