विजया नावाचं औषध

आमच्या घरात विजया नावाची बाई नाही. त्यामुळे केजहून आलेल्या कुरियरवाल्यानं दारात उभं राहून "विजयाचं पार्सल हाय" असं मोठ्यानं सांगितलं, तेव्हा शेजारच्या बायका कान टवकारून बाहेर आल्या. ते अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं औषध होतं. जन्मभर त्यांनी एसटी चालवली आणि निवृत्त झाल्यावर कमरेच्या हाडात कॅन्सर उतरला. दवाखान्यातल्या गोळ्यांनी पोटात आग पडायची, कळ मात्र तशीच. शेवटी अंबाजोगाईच्या एका वैद्यांनी चिठ्ठी लिहून दिली. भांगेच्या पानांपासून, सरकारी परवान्यानं बनवलेलं तेल. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात, बाटलीवरही तेच नाव होतं. घरात मी तेवढंच नाव सांगितलं. भांग हा शब्द मुद्दाम गाळला आणि त्याचा मला काडीचाही पस्तावा नाही.

जिभेखाली थेंब टाकायला लागल्यापासून अण्णा कुशीवर वळू लागले. उशीला टेकून अर्धी भाकरी खाऊ लागले. माझे चुलते म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच खोल्यांत राहणारे आणि अख्ख्या गल्लीचे बिनपगारी न्यायाधीश. ते स्वतः येऊन म्हणाले, "लई गुणी औषध हाय. विजया! नावातच विजय हाय बघ." पारावर चौघांना सांगूनही आले.

मग त्याच पारावर कुणीतरी त्यांना मोबाईलवर विजयाचा अर्थ दाखवला. चुलते तरातरा आले, बाटली उचलली आणि मोरीत ओतली.

"बापाला गांजा पाजतीस? माझं पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय. घरावर केस झाली म्हंजी?"

"काका, गांजा न्हाई, पानं हायती. ही वैद्यांची चिठ्ठी."

"चिठ्ठी घाल चुलीत."

मी तडक पोलीस ठाणं गाठलं. चिठ्ठी आणि रिकामी बाटली टेबलावर ठेवली. साहेबांनी खुर्ची दिली, चहाही मागवला. "ताई, औषध म्हणून चालतंय," ते म्हणाले.

"मग तसं लिहून द्या."

"लिहून कसं देऊ? सापडलं तर आधी तपासणीला जाणार. तिकडून कळणार ते काय हाय."

"आणि तोवर?"

"तोवर तुमी आमच्या पाव्हण्या," म्हणाले आणि स्वतःच हसले. मला हसू आलं नाही. चहा तसाच टाकून मी उठले.

घरी येऊन कायदा वाचला. केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्यात मोडत नाहीत. त्यांचं काय करायचं ते राज्यांनी ठरवायचं. म्हणून उत्तरेकडच्या काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत, आणि आमच्याकडे परवान्याशिवाय भांग बाळगली तर गुन्हा. झाड तेच, पानंही तीच. औषधाला वाट ठेवली आहे म्हणे, पण त्या वाटेवर पाऊल टाकलं तर कुणी अडवणार नाही, एवढं छातीवर हात ठेवून सांगणारा एक माणूस मला भेटला नाही. डोक्यात तिडीक गेली. हे कायदे करणाऱ्यांपैकी एकाच्या तरी कमरेत एक दिवस ही कळ उठावी, असं मी म्हणाले. आजही तो शब्द मागे घेत नाही.

दुसरी बाटली मागवायला निघाले, तर अण्णांनीच माझा हात धरला. "नगं माय. पोराची भरती जाईल. आन् नोकरीत माझ्या नावावर एक मेमो न्हाई, आता शेवटाला कशाला?" त्यांना उठून बसताही येत नव्हतं, आणि काळजी मेमोची.

पुढं महाशिवरात्र आली. महादेवाच्या देवळात सकाळपासून भांग घोटणं चाललं होतं. बंदोबस्ताचा शिपाई समोरच खुर्ची टाकून बसला होता. दुपारी चुलते भरला तांब्या घेऊन आले आणि अण्णांच्या तोंडाला पेला लावला. "घ्या अण्णा, परसाद हाय. न्हाई म्हनू नका."

माझा तोल गेला. "काका, मोरीत ओतलं ते काय होतं मग?"

"ते औषध होतं. देवाचं आन् औषधाचं एक करतीस का?" त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, जसं काही मीच नास्तिक आणि अडाणी. मागून आलेल्या चुलतीनं पेल्याला हात लावून नमस्कार केला.

अण्णा घोट घोट करत प्यायले. हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि कण्हणं थांबलं. कितीतरी दिवसांनी ते पाय लांब करून झोपले. उन्हं कलल्यावर जागे झाले, मला खुणेनं जवळ बोलावलं आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून अगदी बारीक आवाजात विचारलं, "पुढची शिवरात कदी हाय गं?"

वर्षानं असते. डॉक्टरांनी आम्हाला पावसाळ्याचीसुद्धा खात्री दिली नव्हती.