विस्तव मागायला

भागी अंगणाच्या दगडी गडग्याला टेकून खाली घसरली आणि हातातली करवंटी गवतात पडली. विस्तव मीच नुकता घालून दिला होता. काठी टेकत मी पोचले तेव्हा निखारे दवात चुरचुरत होते आणि भागीचे डोळे उघडेच होते. कापणीचे दिवस, धडधाकट माणसं सगळी शेतात. मी ओरडले, पण माझा आवाज आता अंगणाबाहेर जात नाही. आला तो शेजारचा तातू, जन्म गलबतावर काढलेला, आता डोळ्यांनी अधू, गडगा चाचपत. "उचल तिला," म्हणाला. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरलं. उचलता आली नाही. मग तो म्हणाला, "नाकाशी हात धरून बघ गो." मी धरला... काही लागलं नाही. शेतातून माणसं येईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.

आमची वाडी पूर्णगडच्या वरच्या अंगाला. म्हातारी माणसं घरात, मुलगे मुंबईत. भागीचा नवराही मुंबईला गेला तो तिकडचाच झाला, मूलबाळ नव्हतं. मागे टोकाच्या घरातला एक म्हातारा मरून पडला आणि वाडीला ते दोन दिवसांनी कळलं. बायका त्याला पेज नेऊन देत, आणि "मी काय भिकारी नाय" म्हणून तो वाडगा तसाच परत पाठवी. मग बायकांनी जाणं सोडलं. त्याला मसणात पोचवल्यावर भागीने सगळ्यांना सांगितलं, "म्हाताऱ्यांच्या दारात द्यायला जाऊ नका. मागायला जा." तेव्हापासून कोणी विरजण मागायला जाई, कोणी कोयती मागायला. गेलेली बाई निघता निघता दोन कळश्या पाणी ओतून, लाकडं आत टाकून येई. मागणारं दारात आलं की म्हातारं माणूस धडपडून उठतंच.

माझ्याकडे विस्तव मागायला भागी स्वतः येई. एकदा चैत्रात मी तिला विचारलं, "तुझ्या घरात काड्यापेटी नाही?"

"हाय ना काकी. काड्या दमट झाल्यात."

चैत्रात, कातळ भाजतो त्या दिवसांत. मी निखारे घालून दिले. कंबर कितीही दुखली तरी पहाटे चूल पेटवणं मला भाग होतं, कारण ती येणार. तातूकडे ती विहिरीचा तुटका दोर सांधायला नेई. दोर झिजलेला नाही, कापलेला आहे, हे त्याच्या बोटांना कळे. "तुझी विहीर दोर खाते काय गो?" म्हणे आणि सांधून देई. गोड बोलणं भागीला येत नव्हतं. माझं घर झाडताना, घाण किती करता म्हणून मलाच बोलायची.

भागी असताना एकदा मी ओटीवर पडले तेव्हा माझा मुलगा महादू बोटीने आला. गोदीत कामाला आहे, चाळीत एक खोली आहे. "आये, अडचण होईल, पण डोळ्यांसमोर राहशील," म्हणाला. मला जायचं नव्हतं, पण सांगायला तोंडही नव्हतं. उठून उभं राहता येत नव्हतं. भागी पायरीवर उभी होती. म्हणाली, "ने तिला. पण मला विस्तव कोण देणार, तेवढं सांगून जा." महादू हसला आणि एकटाच परत गेला.

भागीचं बारावं झाल्यावर तो पुन्हा आला. या वेळी माझं गाठोडं त्याने स्वतः बांधलं. "आता भागीमावशी नाय. आता काय सांगशील?" मी दमले होते, आणि त्याचं खोटंही नव्हतं.

सकाळी उठले, खुंटीवरची करवंटी घेतली. भागीचीच, एका बाजूने जळलेली. महादू म्हणाला, "कुठं चाललीस?"

"तातूकडे. विस्तव आणायला."

"काड्यापेटी चुलीपाशीच हाय की."

"दमट आहे."

त्याने पेटी उघडूनही पाहिली नाही. दोन दिवसांनी माझं गाठोडं परत सोडून ठेवून गेला.

गडगा ओलांडायला मला वेळ लागतो. तातू धूर डोळ्यांत घेऊन चुलीपाशी बसलेला असतो. "उशीर केलास गो," म्हणतो. मी त्याच्या मडक्यात पाणी आहे का ते बघते, विस्तव घेते, परत येते. माझ्याकडे विरजण मागायला बायका येतात.

भागी आम्हा दोघांहून पुष्कळ लहान होती. ती गेली. तातू आहे, मी आहे.